जुन्या रॅमची चाल

धाकटीनं स्वतः पारखून आणलेली वेगवान रॅम बसवली, तरी स्टुडिओतला कॉम्प्युटर आपला गोगलगाईसारखाच. व्हिडिओ वेळेत हाती पडला नाही म्हणून आणखी एक गिऱ्हाईक गेलं, आणि दादा नेहमीसारखा तिच्यावरच उखडला. "तूच रमतगमत एडिट करतेस!"

शेवटी दुरुस्तीवाला आला. त्यानं डबा उघडला, सेटिंग पाहिलं आणि हसला. "ताई, नवी रॅम चांगली पळणारी आहे हो. पण शेजारी जुनी बसलीय ना, मग दोन्ही जुनीच्याच वेगानं चालणार. जुनी काढा, सेटिंग बदलतो, मग बघा कशी सुटते!"

"जुनीला हात लावायचा नाही," दादानं बजावलं. "ती मी बसवलीय. नवीनं जुळवून घ्यायचं. आपल्या घरात थोरल्याच्या पुढे कुणी पळत नाही, तिथे ही रॅम काय पळणार!"

सकाळीच एडिट झालेली फिल्म दादाच्या होकारासाठी, तो जेवून, झोपून उठेपर्यंत कशी ताटकळत पडते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं मशीन बंद केलं, नवी रॅम अलगद काढली, पर्समध्ये टाकली आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं, ती घेऊन कुठे निघालीस? कामाचा वेग मरेल ना!"

 

"घाबरू नकोस दादा. आम्ही दोघी गेलो, तरी इथला वेग आहे तोच राहील."