तिसरा कीबोर्ड

"या कीबोर्डवर माझं डोकंच चालत नाही," म्हणत इंजिनीअर पराग चिंदरकरने वर्षातला तिसरा कीबोर्ड परत केला.

"नवा देते हं, सर," हार्डवेअर विभागातली शाल्मली गोड आवाजात म्हणाली. मनात म्हणाली, बडव मेल्या! कंपनीतलं सगळं सॉफ्टवेअर यंत्रच लिहायचं. इंजिनीअरांच्या कीबोर्डची वायर टेबलाखाली मोकळीच लोंबायची, हे फक्त तिच्या विभागाला ठाऊक होतं. आणि हे शहाणे तीन-तीन स्क्रीन मांडून, त्यावर उमटेल ते आपणच लिहिलं म्हणून मिरवायचे. कीव करावी एवढीही त्यांची लायकी नव्हती.

जागेवर येऊन तिने फणकाऱ्याने टाइप केलं, 'चिंदरकर समाधानी. तक्रार बंद.' पडलेलं पेन उचलायला ती वाकली, तर तिच्याही कीबोर्डची वायर मोकळीच लोंबत होती.

तिने वर पाहिलं. स्क्रीनवर पुढची ओळ आपोआप उमटत होती: 'शाल्मलीही समाधानी.'