रेडिएटरमधलं पाणी

एका गोऱ्या साहेबानं सुटे भाग मागवून हौसेनं जोडलेली ती जुनी गाडी हमदुल्लानं स्वस्तात घेतली, तेव्हापासून दर उन्हाळ्यात इंजिन तिचं तापायचं आणि जीव याचा मेटाकुटीला यायचा. काल आखाती वाळवंटातल्या अल ऐन शहराच्या रस्त्यावर पुन्हा वाफेचा लोट उठला. मागे लेक तापानं फणफणलेली, जवळचं पाणी संपलेलं. बायकोनं हजहून सासूसाठी आणलेला झमझमच्या पवित्र पाण्याचा कॅन पुढे केला. “ओता. अम्मींना मी सांगेन.” त्या पाण्यावर गाडी हॉस्पिटलपर्यंत पोचली. आज गॅरेजात मेकॅनिक नागेश रेडिएटरची नळी सोडायला वाकला, तसा हमदुल्लानं तोच रिकामा कॅन खाली धरला. “गटारात नको सोडू.” “हमदुल्लाभाई, गंजाचं पाणी आहे हे.” “असू दे.” तांबडं पाणी कॅनमध्ये उतरलं. गॅरेजमागच्या कडुलिंबाच्या मुळाशी ते ओतण्यापूर्वी हमदुल्लानं खिशातला घामेजलेला रुमाल काढून नमाजाला बांधतात तसा डोक्याला बांधला.