कुमुदने खाल्लेलं

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला घास रोहिदासच्या ओठांशी गेला आणि त्याच्या बायकोने, कुमुदने, झटकन त्याचा हात धरला. "नका खाऊ!"

ताटलीत उकडलेलं अंडं होतं. प्रयोगशाळेत वाढवलेलं नवं स्वादुपिंड कालपासून रोहिदासच्या पोटात होतं. त्याआधी पंधरा दिवस त्याच्या मनगटावरची पट्टी प्रत्येक जेवणाची खबर त्या स्वादुपिंडाला देत होती. जे शिकवलं, तेवढंच ते पचवणार होतं.

"डॉक्टर, भीतीने यांना घास उतरत नव्हता," कुमुद पलंगाशेजारी उभ्या डॉक्टरांना म्हणाली. "शिकवणी अपुरी राहिली तर शस्त्रक्रिया रद्द, असं तुम्ही म्हणाला होतात. हे डोळे मिटून पडले की पट्टी मी माझ्या मनगटावर बांधायचे आणि मीच जेवायचे."

डॉक्टर सावरकरांचा चेहरा उतरला. "अंडी खाल्लीत?"

"नाही हो. मलाही कुठे काही जात होतं? मऊ भात आणि मुगाचं वरण, तेवढंच."

"मग त्याला तेवढंच येतं. तिथूनच सुरुवात करू."

भात आला. रोहिदासने घास गिळला आणि दोघं नव्या स्वादुपिंडाचं काम दाखवणाऱ्या पडद्यावरच्या सपाट रेषेकडे पाहत राहिले. पाव तासाने रेषा हलकेच वर चढली.

कुमुद हुंदके देऊ लागली. रोहिदासने ताटली तिच्याकडे सरकवली. "पंधरा दिवस एकटीच जेवलीस. आता माझ्यासोबत जेव."