रिंगखालचं नाटक

तेलंगणा व्हायच्या आधीची, आंध्र होतं तेव्हाची गोष्ट, आणि यातलं एक अक्षर खोटं नाही. उटनूरकडच्या आमच्या कॉलेजात हॉल एकच; नाटक तिथंच अन् बास्केटबॉलही तिथंच. त्या दिवशी युनिव्हर्सिटीचे साहेब नाटक पाहायला आले होते. ते नीट पार पडलं की रिंग काढून हॉल कायमचा नाटकाला द्यायचा, असं ठरलं होतं. म्हणजे आमची टीम संपली.

नाटकात वीर राक्षसाचं मुंडकं उडवून देवीला वाहतो. वीर उंच हवा, म्हणून ते काम टीमचा कॅप्टन खुशाल याच्या गळ्यात पडलं. मुंडकं आम्ही जुन्या बॉलला रंग फासून केलं.

"खुशाल, ते रिंगमंदी टाकशील तर कॉलेजातून नाव काढीन," नाटक बसवणारे भगवानराव सर म्हणाले.

"मी नाही टाकत सर. मायची आन."

राक्षस पडला. मुंडकं घेऊन खुशाल बरोबर रिंगखाली थांबला अन् वर पाहू लागला. मी पडद्याची दोरी घट्ट धरली.

विंगेतून सर दबक्या आवाजात म्हणाले, "काऊन थांबून राह्यला बे? देवीले दे ना ते."

खुशालनं वाकून मुंडकं देवीच्या हाती दिलं. सरांनी श्वास सोडला.



देवी झालेला बुटका दौलत आमच्या टीमचा सगळ्यात पक्का नेमबाज होता.