बांधलेला हात

“सोड त्या पोरीचा हात,” गंगम्मा म्हणाली. “आज शेवटचं आणलंय. उद्यापासनं आमी येत न्हाय.”

अमरेशनं गाठ मारणं थांबवलं. सतरंजीवर बसलेली सहा वर्षांची दानेश्वरी डावा हात पुढे करून आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. त्या हातावर टॉवेलच्या कापडाची पिशवी चढवलेली होती. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल शिवणाऱ्या तिच्या आईनं, धनलक्ष्मीनं, ती मनगटापाशी नाडी लावून शिवून दिली होती.

दानेश्वरीचा उजवा हात जन्मापासून आखडलेला होता. मूठ मिटून छातीशी धरलेली. सगळं ती डाव्या हातानं करायची, जेवायचीसुद्धा. कुंभारी गावात भावकीतल्या लग्नात पंगतीतल्या बायका त्या डाव्या हाताकडे बघून कुजबुजल्या. दुसऱ्याच दिवशी गंगम्मा नातीला घेऊन सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या खोलीत आली. इथं अमरेश मुलांना रोजची कामं आपल्या हातानं करायला शिकवतो, घास घ्यायला, बटण लावायला, एवढं तिनं ऐकलं होतं. तो आधी काय करायचा ते तिला नंतर कळलं.

“बॉल लाथाडणारा माणूस तू. हाताचं तुला काय कळतंय?”

अमरेश हसला. “म्हणून तर कळतंय, अज्जी. इतकी वर्षं हात लावला की शिट्टी वाजायची.”

फुटबॉल खेळून पोट भरतं, हे सोलापुरात कुणाला खरं वाटत नसे. गिरण्यांचे भोंगे बंद पडले तरी काम म्हणजे पाळीचंच, अशी इथली समजूत. त्याचे वडील अण्णाराव चादरीच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत, पोरगा गोव्यात कामाला आहे. काय काम ते सांगत नसत. अमरेश तिथल्या क्लबात पगारावर खेळत होता. त्याचा डावा पाय कच्चा होता. एक दिवस प्रशिक्षकांनी त्याच्या उजव्या पायातला बूट काढून घेतला आणि बजावलं, आता सराव असाच. अनवाणी उजव्या पायानं बॉल मारला की बोटं ठणकायची. महिन्याभरात डावा पाय कामाला लागला. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, आणि आपल्याहून कितीतरी लहान मुलांबरोबर तो हातापायांवरचे उपचार शिकायला पुन्हा कॉलेजच्या बाकावर बसला. चांगला हात बांधून दुबळा हात चालवायची रीत तिथं शिकवली, तेव्हा वर्गात तो एकटाच हसला होता.

दानेश्वरीच्या बाबतीत मात्र ती रीत अडली होती. खोलीत ती मणी उचलायची, कपड्याचे चिमटे काढायची. घरी गेली की मूठ पुन्हा मिटायची.

“जेवताना पिशवी काढता का?” त्यानं विचारलं.

“देवाशपथ न्हाय. तू सांगितलंस तशी बांधते. घट्ट.”

“मग ती जेवते कशी?”

उत्तर दानेश्वरीनं दिलं. “अज्जी भरवती की.”

गंगम्मानं नातीकडे डोळे वटारले. मग पदर सारखा करत म्हणाली, “काय करू मग? एक हात आखडलेला, एक तू बांधलेला. लेकरू उपाशी ठिवू?”

हात उघडतो हे अमरेशला ठाऊक होतं. उघडायला कारण नव्हतं. त्यानं कपाटातून एक मोठी पिशवी काढली.

“अज्जी, तुमचा उजवा हात द्या.”

“माझा? मला काय झालंय?”

“आज शेवटचं म्हणताय ना. एवढं ऐका.”

पुटपुटत का होईना, गंगम्मानं हात पुढे केला. अमरेशनं दोघींच्याही नाड्या बांधल्या, त्यांचाच डबा उघडून ताट दोघींच्या मधे मांडलं आणि तो दारापाशी जाऊन उभा राहिला. ज्वारीची मऊ भाकरी, दही, शेंगाचटणी. दुपार झाली होती. गंगम्मा सकाळी नुसत्या चहावर निघाली होती.

दानेश्वरीनं सवयीनं तोंड उघडलं. घास आला नाही.

“अज्जी, दे की.”

“कशानं देऊ? बघ की हे.”

“डाव्या हातानं दे.”

“डावा हात अन्नाला लावत न्हाय मी.”

“मग तू पण उपाशी?”

“व्हय.”

हे काही दानेश्वरीला पटेना. आपलं एक वेळ ठीक, पण अज्जी उपाशी? तिनं डाव्या हातावरची पिशवी भाकरीवर दाबून धरली. छातीशी मिटलेला उजवा हात हळूहळू खाली आला. बोटं उघडली. भाकरीचा तुकडा निघाला आणि सतरंजीवर पडला. पुढचा दह्यात बुडाला. ती जीभ दातात धरून तो शोधू लागली. मग दह्यानं माखलेला तो तुकडा हवेत डुलत डुलत गंगम्माच्या नाकाला लागला, तिथून हनुवटीला.

“आ कर की अज्जी. मोठा आ.”

गंगम्मानं मोठा आ केला. घास चावताना तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला हसू आलं, त्यामुळं तिला ठसका लागला. दानेश्वरीला थांबायला वेळ नव्हता. ती घासामागून घास देत सुटली. मधेच एक चुकून तिच्या स्वतःच्या तोंडात गेला. तो तिला आवडला. मग एक तुला, एक मला सुरू झालं.

अमरेशला दारापाशी उभं राहवेना. मैदान असतं तर दोन्ही हात पसरून तो पळत सुटला असता. तो गंगम्माच्या मागे गुडघ्यावर बसला आणि तिचा हात सोडवायला नाडी चाचपू लागला. नाडीला गाठच नव्हती. ती केव्हाच सुटून सतरंजीवर लोळत होती. गंगम्मानं पदराखाली ती पिशवी आतून मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

मान न वळवता, हलक्या आवाजात ती म्हणाली, “गप ऱ्हा. तिला सांगू नगं. अजून अर्धी भाकर हाय.”