लाखेची मोहोर

फौजदारांनी तलवार दोन्ही हातांवर घेतली, जरा वरखाली तोलली आणि म्हणाले, "हलकी आहे हो."

"जुनी आहे साहेब," गंगाराम म्हणाला. "घासून घासून झिजली."

ठाण्याची पायरी चढल्यापासून तो शुद्ध बोलायची कसरत करत होता. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. बाकड्यावर त्याचा चुलतभाऊ सत्यवान पान चघळत मजेत बसला होता. त्याला कसली काळजी? मान काय त्याचा थोडाच होता! म्हणजे, अजून नव्हता.

दसऱ्याला देवीची तलवार गंगारामच्या घरातून निघायची. मानकरी ती धरून पालखीपुढे चालायचा आणि देवळासमोर उपसून एका घावात कोहळा फोडायचा. पात्यावर मुठीलगत कोरलेले चंद्र-सूर्य तेव्हा अख्ख्या गावाला दिसायचे. मानकऱ्याच्या हातून कोहळा फुटला नाही, तर मान पुढच्या भावाकडे, असा गावचा रिवाज. पुढचा भाऊ म्हणजे सत्यवान. देवाने भाऊबंद कशाला घडवले ते देवालाच ठाऊक.

गंगारामचे वडील शिमग्यानंतर वारले, त्यामुळे यंदाचा दसरा त्याचा पहिलाच. आणि नेमका याच वर्षी हत्यारांचा नवा कायदा गावापर्यंत पोचला. पावसाळ्यात कसालच्या बाजारात कुणीतरी कंडी पिकवली, की ज्याच्या घरात तलवार सापडेल त्याला बेड्या. झालं! कुणी आजोबांची तलवार विहिरीत टाकली, कुणी खाडीत सोडली. गंगारामच्या देवखोलीत मात्र मूठ आणि म्यान रोज जागच्या जागी दिसत होती. सत्यवान काही ना काही निमित्त काढून येऊन बघून जायचा. शेवटी गावाने ठरवलं, की मानकऱ्याने तलवार घेऊन ठाण्यावर जावं आणि रीतसर विचारून यावं. सत्यवान न बोलावता बरोबर निघाला.

"परवान्याशिवाय तलवार घेऊन रस्त्यावर फिरता येत नाही," फौजदार म्हणाले. ते घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. मग त्यांची नजर खाली गेली. "आणि हे कमरेला काय?"

गंगाराम दचकला. कमरेच्या आकडीत नवा कोयता अडकवलेला होता. हात घसरू नये म्हणून मुठीवरून पात्यावर चार बोटं दोरा गुंडाळलेला.

"कोयतो, साहेब. नारळाक लागता." शुद्ध भाषा कुठल्या कुठे पळाली.

फौजदार हसले. ते शेतीचं हत्यार, त्याला परवाना नको, असं म्हणाले. या मुलखात कमरेला कोयता नसलेला माणूस दिसला तर उलट त्याचाच संशय येतो, असंही म्हणाले. गंगाराम कसाबसा हसला.

सत्यवानाने पिंक टाकली आणि पुढे सरकला. "साहेब, एकदा उपसून बघा ना. आत गंजली असेल. देवीच्या वस्तूची कोण निगा ठेवतो आजकाल?"

फौजदारांचा हात मुठीवर गेला. गंगारामने आवाज साधाच ठेवला.

"उपसा साहेब. पण देवीची तलवार एकदा बाहेर आली की काही कापल्याशिवाय आत जात नाही. आता इथे कोहळा कुठून आणणार?"

फौजदारांची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. त्यांनी मुठीवरचा हात हळूच काढून घेतला. हवालदाराला लाख आणायला सांगितली आणि मूठ व म्यान यांच्या सांध्यावर सरकारी मोहोर उठवली. देवीचं काम आहे, खुशाल मिरवा, म्हणाले. पण पातं बाहेर येता कामा नये. मोहोर तुटली तर मानकरी आत.

बाहेर पडल्यावर सत्यवानाच्या पायांना पंखच फुटले. "आता कोहळो कसो फोडतलंस?" तो म्हणाला.

"कायदो तो कायदो," गंगाराम म्हणाला आणि सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं.

दसऱ्याच्या दिवशी पालखी देवळासमोर थांबली, तेव्हा सत्यवानाने भर गावात तोच सवाल टाकला. कुजबुज सुरू झाली. बाबू गुरवाने सगळ्यांना गप्प केलं आणि देवीला कौल लावला: मानकऱ्याच्या घरातल्या दुसऱ्या लोखंडाने कोहळा फुटला तर तुला चालेल का? मग त्याने देवीच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवल्या. देवीच्या उजव्या अंगाची कळी टपकन खाली पडली, म्हणजे होकार.

गंगारामने मोहोरबंद तलवार डाव्या हातात धरली, उजव्या हाताने कमरेचा कोयता काढला आणि एकच घाव घातला. कोहळ्याची दोन भकलं दोन बाजूंना पडली. ढोल वाजायला लागले. सत्यवान पान थुंकून घरी निघून गेला.

गंगारामची बायको रुक्मिणी घराच्या दारातच उभी होती. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"फुटलो?"

"फुटलो गो. एका घावात."

तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून आधी रडली, मग हसली. गंगारामने तलवार देवखोलीत ठेवली. "आता ही कोणी उपसूची नाय," तो म्हणाला. "सरकारचोच हुकूम आसा." इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच पोटभर जेवला.

जेवणं झाल्यावर रुक्मिणीने कोयता धुवायला घेतला. कोहळ्याच्या पाण्याने आणि कुंकवाने दोरा चिकट झाला होता. मागलं दार लावून घेऊन तिने तो उलगडला, खाली पात्यावर कोरलेल्या चंद्र-सूर्यांना हळदकुंकू लावलं आणि कोरडा दोरा गुंडाळायला घेतला.