चार मिनिटांत डॉक्टर

इमर्जन्सी विभागात तिने नवी संगणक प्रणाली आणली आणि पेशंटला डॉक्टर भेटण्याचा सरासरी वेळ वर्षभरात पन्नास मिनिटांवरून पाचवर आला. वरिष्ठ खूश होते, तीही होती.

एका दुपारी सासऱ्यांच्या छातीत कळ आली. नवरा बाहेरगावी होता. तिने त्यांना गाडीत घातलं आणि थेट आपल्याच हॉस्पिटलच्या दारात आणलं. बाहेर भिंतीला टेकून दहा-बारा जण बसले होते. गार्डने एक खुर्ची पुढे सरकवली.

“बाबांना इथे बसवा, ताई. आतली खाट रिकामी झाली की नाव लिहून घेतो.”

“आधी नाव तर घ्या. घामाघूम झालेत ते.”

“नाव घातलं की कॉम्प्युटरचं घड्याळ सुरू होतं. उशीर दिसला की वरच्या मॅडम आम्हाला फैलावर घेतात.”

“त्या मॅडम मीच आहे.”

गार्डचा जीव भांड्यात पडला. “मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं? बसा.”

ती तशीच आत घुसली. आरडाओरडा करून एक खाट मोकळी करून घेतली, तोवर वीस मिनिटं गेली होती. सासरे थोडक्यात बचावले.

संध्याकाळी नवरा धावतपळत पोचला. वडिलांनी डोळे उघडलेले पाहून तो खाटेशीच मटकन बसला. मग त्याने केसपेपरवरच्या वेळा वाचल्या आणि तिचा हात घट्ट धरला.



“आल्यापासून चार मिनिटांत डॉक्टर. बाबा आज तुझ्या कामामुळे वाचले गं.”